ॲब्सलमची विधवा

टर्नबो, मिझुरी
६ जून १९८३

प्रिय व्हर्लीनताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघे आता बरे असतील असं धरून चालते. इथे सगळं ठीक. टोमॅटोला फुलं आलीत, चर्चचं छप्पर पुन्हा गळतंय, ग्लेन अजून टेक्सासलाच कामावर आहे.

काउंटीच्या इतिहासाचं पुस्तक छपाईला चाललंय. आपल्या घराण्याचं पान लिहायचं काम माझ्याकडे आहे. "पणजोबांचं जरा भारदस्त लिही," असं तू बजावलं होतंस. तर ऐक, पणजोबांनी घोळ करून ठेवलाय.

लुइझा पणजीच्या थडग्यावरचा मजकूर तुला पाठच आहे : 'ॲब्सलम प्रुएट यांची विधवा, मृत्यू १८९८'. पणजोबा तरुणपणी नदीत बुडाले आणि प्रेत सापडलं नाही, हेही आपण लहानपणापासून ऐकलंय. गेल्या आठवड्यात, थडग्यांना फुलं वाहायच्या दिवशी, लॉटी मावशीला घेऊन मी शेजारच्या काउंटीत गेले. तिच्या सासरच्यांची थडगी साफ करायची होती. एका दगडावरचं शेवाळ खरवडलं, तर खाली आपले ॲब्सलम. तेच नाव, तीच जन्मतारीख, व्हर्जिनियातलं तेच गाव. मृत्यू १९११. शेजारी दुसरी बायको, भोवती त्यांची मुलं.

मी खुळ्यासारखी बघतच बसले. नवरा जिवंत असताना बाई विधवा म्हणून मेली कशी?

"कशी म्हणजे? पळून गेला मेला," मावशी फुलं खोचता खोचता म्हणाली. "तेव्हा नवरा पळाला की बाई विधवाच व्हायची. जनगणनेवाल्यालाही तसंच सांगायची."

"गावाला कळत नसेल?"

"कळायचं की. पण विधवेच्या दारात लोक कोंबडीचं सूप आणतात गं. टाकलेलीच्या दारात नुसता उपदेश. पोरांना काय उपदेश वाढायचा?"

मला हसू आलं. मावशीला नाही आलं. "तुझा ग्लेन कधी येतोय?" तिने विचारलं. मी म्हटलं, काम लांबलंय.

ताई, काम हिवाळ्यातच संपलं. तो तिथे एका बाईबरोबर राहतो. परत येणार नाही, असं त्याने फोनवर सांगितलं. मी कुणाला बोलले नाही. परवा चर्चमध्ये कुणी विचारलं, तर तोंडून गेलं, "त्याची तब्येत बरी नाही." लुइझाने नवरा बुडवला, मी आजारी पाडायला घेतला होता.

तिचा मला राग येत नाही. कुतूहल मात्र फार वाटतं. फुलं वाहायच्या दिवशी ती कुठल्या थडग्यापाशी उभी राहत असेल? एका तरी माणसाला तिने खरं सांगितलं असेल का? मी तुला सांगतेय.

पानावर असं जाईल : 'लुइझा प्रुएट. नवरा सोडून गेला. मुलं एकटीने वाढवली.' आणि तळाला, माझ्या नावापुढेही, 'नवरा सोडून गेला.' तुझ्या सासरचे वाचतील, तुला अवघड होईल, ठाऊक आहे. रागाव हवं तर. शुक्रवारी मी ते पान छपाईला देणार आहे.

जमलं तर ये. मला फार एकटं वाटतं.

तुझी, विधवा न झालेली,
नडीन