दोन पोती उसना कचरा

सौ. ताईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही सगळे धडधाकट, फक्त सोमवारी बाबांचं दुकान बंद पडायची वेळ आली आहे.

झालं असं की घाऊक दुकानदारांना नवा नियम लागला. कागद, पुठ्ठा, काच, प्लॅस्टिक वेगवेगळ्या डब्यांत साठवायचं, भंगारवाल्याला द्यायचं आणि पावती दाखवायची. मी लगेच चार डबे आणले. परवा तपासनीस आले (चेहरा दुधीभोपळ्यासारखा लांब, हसू औषधालाही नाही), झाकणं उघडली, तर चारही डबे लख्ख रिकामे. आता तुझी भावजय तुला ठाऊकच आहे. कपबश्या ज्या खोक्यांतून येतात त्याच खोक्यांतून ती त्या गिऱ्हाइकाला बांधून देते, आतला पेंढासुद्धा तोच. फुटक्या बश्या मोरीत फरशी म्हणून बसवल्यात. सुतळीचा गुंडा बाबांच्या वेळचा, तो आता दारातून बाहेर निघत नाही (साहेबांना बसायला तोच दिला होता). साहेब म्हणाले, एवढ्या दुकानात कचरा नाही असं होतच नाही, तुम्ही चोरून जाळता. सोमवारपर्यंत कचरा दाखवा, नाहीतर परवाना रद्द. तशी नोटीस हातात ठेवून गेले.

मग लाज गुंडाळून ठेवली आणि शेजारच्या कापडवाल्याकडे कचरा उसना मागितला. तो म्हणाला, देतो, पण परत कधी करणार? एक पोतं आणून डबे भरले आणि निवांत झोपलो. सकाळी पाहतो तर हिने कागदांना इस्त्री करून गठ्ठे बांधलेले, चिंध्यांची पायपुसणी शिवायला घेतलेली, आणि नुसते पडून राहतात म्हणून दोन डबे विकूनही टाकलेले. बाबांनी चाळीस वर्षं चालवलेलं दुकान माझ्या हातून कचऱ्यावाचून बुडालं, तर तोंड कुठे दाखवू, तूच सांग. मला खरंच रडू येतंय.

लोभ आहेच, तो वाया घालवू नकोस.
तुझा धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. दोन पोती कचरा पाठव, आणि हिला तुझ्याकडे बोलावून मंगळवारपर्यंत ठेवून घे.

ता. क. २. (हे समासात लिहितोय.) जागा संपली म्हणून पान उलटलं, तर मागे तीच नोटीस. लिहायला कागद हिनेच दिला होता. आता कचरा राहू दे, तुझं वाचून झालं की हे पत्रच सोमवारच्या आत उलटटपाली परत पाठव. या घरात काही वाया जात नाही याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा कुठला? साहेबांना दोन्ही बाजू वाचायला देतो. तेवढा दुधीभोपळा मात्र आठवणीने खोड.