सहाही पिल्लं मातकट

सुपा,
१६ जून २०२५

प्रिय ज्ञानू,

कशी आहेस? पुणतांब्याला सगळे बरे असतील. आठवडाभर तू फोन उचलत नाहीस, आणि मेसेजमध्ये मी काय लिहितो ते मलाच नंतर वाचवत नाही, म्हणून कागद घेतला.

इकडे ठीक. कंपनीत या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. आईचा गुडघा दुखतो, पण तोंड शाबूत आहे. तुझी साय बरी आहे. अंडी घातल्यावर अजगरीण पार वाळली होती, आता आठवड्याला एक उंदीर खाते.

अंडी फुटली. सहाच्या सहा.

दोन महिने मी त्या थर्माकोलच्या खोक्याची राखण केली. अंडं घातलं तसंच राहिलं पाहिजे, पालथं झालं तर आतलं पिल्लू मरतं, हे तूच शिकवलंस. म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारली होती. लाईट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या लावायचो. आई म्हणायची, "येवढं माझ्या बाळंतपणात तुझ्या बापानं केलं न्हाई."

गुरुवारी पहिलं डोकं बाहेर आलं. तपकिरी. म्हटलं, ओलं आहे, सुकल्यावर उजळेल. शनिवारपर्यंत सगळी बाहेर आली आणि सगळी तपकिरी-काळी. आफ्रिकेच्या जंगलात हे अजगर असतात तशी. आई वाकून बघत म्हणाली, "आईबाप दोगंबी पांढरंफेक, आन ही मातकट कशी रं?"

मलाही तेच कळेना. मग जे डोक्यात आलं ते लिहायची लाज वाटते. वाटलं, दिवाळीत साय तुझ्याकडे होती तेव्हा तू तिला आपल्या वर्गातल्या पार्थच्या नराकडे नेली असशील. मादी नराचं बीज महिनोन्महिने पोटात सांभाळते, हेही तुझ्याकडूनच कळलेलं. आणि साय पार्थकडे होती, तर तूही तिथेच होतीस.

काल सकाळी नगरला जाऊन पार्थला त्याच्या गाळ्यासमोर मारलं. ओठाला दोन टाके पडले. हे तुला त्याच्याकडून कळलंच असेल.

त्याने उलटा हात उचलला नाही. रुमाल तोंडाला लावून म्हणाला, "सेकंड इयरला कॉलेज सोडलंस ना तू? जेनेटिक्सच्या आधीच." मग पायरीवर खडूने मला चौकोन काढून दाखवले. पांढरे असले तरी दोघांचे जीन वेगळे. साय साधी अल्बिनो. माझ्या नराच्या अंगावर ती जांभळट झाक आहे, तो दुसराच प्रकार. एकाच जीनची जोडी जमली तर पिल्लू पांढरं होतं. इथे दोघांनी आपापला एकेक दिला, जोडी कशाचीच जमली नाही. ही दोघं जन्मभर एकत्र ठेवली तरी पिल्लं मातकटच निघणार.

मी म्हटलं, मग ज्ञानूला हे माहीत नव्हतं?

पार्थ हातावरचा खडू झटकत म्हणाला, "तिनंच मला समजावलंय हे. तुझा नर घेतला त्याच आठवड्यात. म्हणाली, रवीला सांगू नको, डोक्यात राख घालून घेईल."

ज्ञानू, माझ्या पहिल्या पगारातून घेतलेला तो नर तू निवडलास. फोटोवर बोट ठेवून म्हणालीस, हाच घे. आणि माळीवाडा स्टँडवर, एसटी लागलेली असताना, मी विचारलं की घरी कधी सांगणार, तेव्हा म्हणालीस, "आपल्या जोडीची पांढरी पिल्लं निघाली की त्याच दिवशी दादांना सांगते."

मी ती अट समजलो. दोन वर्षं कंपनीतल्या पोरांना सांगत फिरलो की यंदा लग्न होणार.

सरळ नाही म्हणाली असतीस तर मी दंगा केला असता, हे खरं. तुझ्या गल्लीत येऊन ओरडलो असतो. लॅबमध्ये त्या पोराने तुझं नाव घेतलं तर त्याची कॉलर धरून स्वतःचं कॉलेज घालवलं, तो मी. भीती वाटली असेल तुला, मान्य. पण दंगा चार दिवस चालला असता. तू दर रविवारी व्हिडिओ कॉलवर अंड्यांवरच्या फुल्या मोजायचीस. त्या कशाला मोजल्यास?

पार्थची माफी मागितली. त्याने चहा पाजला. ओठामुळे त्याला पिता येईना, समोर बसून राहिला. म्हणाला, ही पिल्लं मोठी करून आपसात लाव, दोन्ही जीन त्यांच्यात लपलेले आहेत, पुढच्या पिढीत पांढरी निघतील. तीन-चार वर्षं लागतील म्हणाला.

तू हो म्हणशील असं एक तरी चिन्ह असतं तर मी तेवढीही थांबलो असतो. आज कंपनीतून येताना हेच डोक्यात होतं, आणि मला माझाच राग आला.

पिल्लं पार्थ नेतोय, त्यांची वनखात्याची कागदपत्रंही तोच करणार आहे. नरही त्यालाच दिला. साय तुझी आहे, ती घेऊन जा. रविवारी ये, आई घरी आहे. मी त्या दिवशी डबल ड्युटी मागून घेतली आहे. आईला यातलं काही माहीत नाही, ती तुला जेवून जा म्हणेल. जेवून जा.

रविराज