बिनवासाचा गॅस

गॅस वीजकेंद्र, गुजरात
३ फेब्रुवारी

ति. पप्पांस सम्यकचा जय भीम.

परत तेच. पत्र उघडलं की मॉलच्या वॉचमनची नोकरी. ज्या गिरणीत तुम्ही माग चालवला, तिच्या जागेवरच्या मॉलमध्ये मी गाड्यांना शिट्ट्या मारू? नाही जमणार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि धाकट्या प्रितीने स्पीकर लावला की चाळीची अख्खी गॅलरी ऐकते, म्हणून लिहितोय. कौसल्यामावशीला एवढ्यात सांगू नका.

तिचा गौतम भाजला. दोन्ही हात आणि गळा. आम्ही गॅसच्या पाइपाचा जोड खोलत होतो. गॅस तपासायचं मीटर ठेकेदाराने दुसऱ्या टोळीला दिलेलं. मग घरी सिलिंडरचा घेतो तसा दोघांनी नाक लावून वास घेतला. काही नाही. गौतमने ग्राइंडर लावला आणि ठिणगीने भडका उडाला. मागाहून ऑपरेटर म्हणाला, सिलिंडरमध्ये वास मुद्दाम घालतात, इथल्या पाइपातल्या गॅसला वासच नसतो.

केंद्र वाढवणार आहेत, नवीन दोन युनिट. वीस तारखेला त्याची जनसुनावणी. त्याआधी अपघाताची बोंब नको, म्हणून ठेकेदार म्हणतो, गौतम खोलीतल्या शेगडीवर भाजला असं सांग, नव्या युनिटमध्ये तुला कायम करतो. तसं सांगितलं तर गौतमच्या इलाजाचा पैसा बंद. काय करू?

तुमचा,
सम्यक

परळ, मुंबई
१० फेब्रुवारी

चि. सम्यक यास राजारामचे आशीर्वाद.

वॉचमनला निदान कोणी जाळत नाही, असं लिहायला बसलो होतो. पण ‘कायम’ वाचलं आणि पेन अडलं. कोणी गैरहजर राहिलं तरच काम, असा बदली कामगार म्हणून मी गिरणीच्या गेटवर वर्षानुवर्षं उभा राहिलोय, मला विचार त्याची किंमत. सध्या गप्प राहा. कायम झालास की तूच गौतमला सांभाळशील.

कौसल्याताई काल वडाळ्याहून सुकटीची चटणी घेऊन आली होती. तुम्हा दोघांसाठी मुली बघायचं बोलत बसली. मला तिच्याकडे बघवेना.

तब्येत जप. माया आहेच.

तुझे पप्पा

गुजरात
२२ फेब्रुवारी

ति. पप्पांस जय भीम.

तुमचं पत्र खिशात घेऊनच सुनावणीला गेलो. आम्हाला पिवळे टीशर्ट घालून टाळ्या वाजवायला पुढे बसवलं होतं, गावचे मच्छीमार मागे उभे. मी गप्पच राहणार होतो. पण कोणीतरी अपघाताचं विचारलं, तर ठेकेदार माइकवर म्हणाला, तो पोरगा दारू पिऊन शेगडीवर पडला. पप्पा, गौतम दारूला शिवत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मी उठलो. मोडक्या हिंदीत म्हणालो, “तो प्लांटमध्ये भाजला. मी बाजूला होतो. या गॅसला वास नसतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.”

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी लिहून घेतलं. गुजरातीत, त्यामुळे काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. संध्याकाळी ठेकेदाराने माझा गेटपास काढून घेतला, काम गेलं. युनिट वाढणार का, गौतमला पैसे मिळणार का, कोणी काही बोलत नाही. त्याला हाताने जेवता येत नाही, मी भरवतो. वर तोच मला टोमणे मारतो, घास मोठा करतोस म्हणून. मावशीला आता सांगा, आणि तो बोलतोय हेही सांगा.

तुमचं ऐकलं नाही. रागवा, पण मला टाकू नका. ठेकेदाराने अर्धाच पगार हातावर ठेवला. गौतमचा डबा आणि औषधं काढून उरले ते अठराशे रुपये पाठवतोय.