गळती मंजुरीसाठी थांबली आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं. एआय वर्कफ्लो प्लॅटफॉर्म. मी त्याला फलाट म्हणणार. पडद्यावर चौकटी मांडायच्या, बाणांनी जोडायच्या, की ग्राहकांच्या तक्रारी आपोआप वाहू लागतात म्हणे. पाण्याचे फिल्टर बनवणाऱ्या कंपनीत आधीच पुरेसं वाहतं. तक्रार वाचणार यंत्र, उत्तर लिहिणार यंत्र. मग पत्रव्यवहार विभागात मी इतकी वर्षं काय केलं? (प्रश्न आलंकारिक.)

या चौकटी जोडते ती चुटकी. नाव मीच पाडलं. काहीही सांगा, 'चुटकीसरशी होईल' म्हणते. व्याकरणाच्या वाटेला ती कधी गेली नाही आणि व्याकरणानेही तिला अडवलं नाही. तिने दाखवलं की चौथी चौकट माझी: 'मानवी मंजुरी'. यंत्राचं उत्तर मी अप्रूव्ह केल्याशिवाय ग्राहकाकडे उत्तरही जाणार नाही आणि मिस्त्रीही. बाकी चौकटी विटांसारख्या, माझी एकटीच पतंगासारखी. बोलकं आहे.

साहेब महिनाअखेरीस निवृत्त. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होईल. तिथे ऊन येतं. जाड पडदा लागेल. रंग ठरवायला घेतला.

४ फेब्रुवारी, सकाळी

स्वयंपाकघरात पाय घसरला. सिंकखालचा फिल्टर गळतोय. (आपल्याच कंपनीचा. स्टाफ-सवलतीतला.) हिने बादली भलत्याच जागी ठेवली होती. रविवारी उघडून बघतो म्हटलं. कुठल्या रविवारी, असं हिने विचारलं. बायकांना तपशील फार लागतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

फलाटावर दर सोमवारी अपडेट येतं. नवी फीचर्स. पूर्वी माणसं नवं काही करून दाखवत नसतील तर निदान गप्प बसत. आजची दोन:

ग्राहकांची नावं झाकली. आम्हाला फक्त क्रमांक दिसणार. मागणी माझीच. ओळखीचं नाव बघून झुकतं माप दिलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. त्या खुर्चीवर निःस्पृह माणूस हवा.

दुसरं, टायमर. मी दोन दिवसांत मंजुरी दिली नाही तर काम मला वगळून पुढे जाणार. साहेबांना म्हटलं, हा मानवजातीचा अपमान आहे. साहेबांना चहा प्यायचा होता. टायमर बंद ठेवा म्हणाले. विजय.

काल फिल्टर उघडायचा राहिला. पाना सापडला नाही.

११ फेब्रुवारी

तक्रार क्र. ७१३. संपूर्ण मजकूर: 'फिल्टर खालून गळतो. घरी सांगून झालं. कुणीतरी माणूस पाठवा.'

ही तक्रार की तार? आणि 'घरी सांगून झालं' म्हणजे काय? स्थालीपुलाक न्यायाने एका शितावरून त्या घराची परीक्षा होते. कर्ता पुरुष नक्कीच सोफ्यावर पसरलेला असणार. अशा माणसांमुळे कंपनीवर भार पडतो.

यंत्राचं उत्तर: 'गैरसोयीबद्दल क्षमस्व. उद्या सकाळी माणूस येईल. तोवर फिल्टरकडे जाणारा नळ बंद ठेवा.' मायना नाही, विनय नाही, समारोप नाही. हे उत्तर आहे की हाकलणं? रिजेक्ट. कारणाच्या जागी लिहिलं: विनय वाढवा.

१३ फेब्रुवारी

यंत्राने विनय वाढवला: 'अत्यंत क्षमस्व.' रिजेक्ट.

चुटकी येऊन म्हणाली, "सर, त्या बाईंचं पाणी गळतंय. माणूस तर जाऊ दे, भाषा नंतर बघू." मी तिला समजावलं की माणूस येतो नि जातो, उत्तर मागे उरतं. ती बघत राहिली. नवीन विचार पचायला वेळ लागतो.

घरी आता बादलीशेजारी टबही आहे. टबाला अडखळलो. हिला म्हटलं, वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय हवी.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाना सापडला. पण आज वेळ कुठला? शुक्रवारच्या मीटिंगमध्ये चुटकीने आणि मी आपापली पद्धत मांडायची, मग साहेब खुर्चीचा निर्णय सांगणार. मी नमुना म्हणून ७१३च घेतली. आदर्श उत्तर लिहिलं. चार परिच्छेद. पहिल्यात जलतत्त्वाचं महत्त्व. दुसऱ्यात गळतीची मीमांसा. तिसऱ्यात ग्राहकाला सौम्य उपदेश. चौथ्यात कृतज्ञता. लिहिताना स्वतःच्या लेखणीचा थोडा हेवा वाटला.

हिला वाचून दाखवलं. ही फरशी पुसत होती. तिसऱ्या परिच्छेदात आलो, 'घरी सांगून झालं असे जे आपण लिहिलेत, त्यातून आपल्या गृहस्वामींची उदासीनता प्रतीत होते,' आणि हिचा हात थांबला. फडकं बादलीत टाकून माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. लग्नानंतर इतकं एकाग्र होऊन माझं काही ऐकलेलं आठवत नाही.

मग विचारलं, "आणि माणूस कधी येणार?"

तो तांत्रिक भाग, पत्रात शोभत नाही, असं सांगितलं. ही पुन्हा फडकं पिळायला लागली. भारावली असावी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अपडेट. ग्राहकाला आता आपल्या फोनवर दिसणार की तक्रार कुठल्या चौकटीत आहे आणि कुणाकडे. नावासकट! यंत्राकडून झालेलं पहिलं बरं काम. आता घरोघर माझं नाव जाईल. शिवाय ग्राहक प्रत्येक चौकटीला तारे देणार, अभिप्राय लिहिणार. चुटकीच्या चौकटी म्हणजे यंत्रच. तारे घेण्याजोगा माणूस फलाटावर मी एकटा.

१८ फेब्रुवारी

ही फोनकडे बघून हसते. काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही, एक मोठा माणूस सापडला." मालिका बघत असेल.

पडदा करडा. ठरलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटिंग. जशी घडली तशी लिहितो, रंग न चढवता.

चुटकीने दोन मिनिटांत आटोपलं. आकडे, आलेख. कवित्व शून्य. मग मी उभा राहिलो. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत सभा स्तब्ध. (हिशेबवाल्याने डोळे मिटले होते, रसिकाला ते होतंच.) तेवढ्यात साहेब म्हणाले, ७१३चा अभिप्राय आलाय, तो बघू. भिंतीवर उमटला. चौथ्या चौकटीला तारा एक. खाली लिहिलेलं:

'माणूस वाईट नाही. विद्वान आहे. पण त्यांच्यावर गळती सोपवू नये.'

कुणीतरी खोकलं. मी शांतपणे समाचार घेतला. म्हटलं, या बाईची माझी ना ओळख ना पाळख. पडद्यावर नाव वाचून माणसाचं मोजमाप करते. ज्या बाईला घरचा नवरा हलवता येत नाही तिने कंपनीला शिकवू नये. असल्या ग्राहकाला थोडं थांबवणंच हिताचं. टाळ्या अपेक्षित होत्या.

साहेबांनी चुटकीला विचारलं, ही बाई कधीपासून थांबलीय? चुटकी माझ्याकडे न बघता म्हणाली, पहिलं उत्तर अकरा तारखेला तयार होतं. साहेबांनी टायमर सुरू करायला सांगितला. तिने तिथेच केला. चुटकीसरशी.

खुर्चीबद्दल शेवटच्या दिवशी सांगेन म्हणाले. म्हणजे विचार चालू आहे. आशादायक.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज फिल्टर उघडायचाच असा निश्चय केला. पाना हातात घेतला. बेल वाजली. दारात आमच्याच कंपनीचा शर्ट घातलेला मिस्त्री. म्हणाला, "सातशे तेरा इथेच ना?"

मी म्हटलं, नाही. मागून ही म्हणाली, "इथेच. या आत."

मिस्त्री सिंकखाली शिरला. एक वॉशर बदलला. चहाचं आधण येण्याआधी काम संपलं. जाताना माझ्या हातातला पाना बघून म्हणाला, हा या नटाला बसत नाही.

तो गेल्यावर हिला विचारलं, तुला माहीत होतं? ही म्हणाली, पत्र वाचून दाखवलंत तेव्हा कळलं. मग सांगितलं का नाहीस?

"घरी सांगून झालं होतं."

यावर चार परिच्छेद सुचले. लिहिले नाहीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना निरोप दिला. खुर्ची चुटकीला. पडदा नको म्हणाली, उजेड आवडतो. माझी चौकट काढणार का, असं मी सहज विचारलं. म्हणाली, "राहू दे ना सर. टायमर आहेच."

संध्याकाळी हिच्या फोनवर यंत्राचा निरोप आला: 'गळती थांबली का? हो / नाही.' हिने फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, "मंजुरी तुमचीच ना? द्या."

मायना नाही. विनय नाही. समारोप नाही.

या महिन्यात पहिल्यांदाच सिंकखाली वाकून बघितलं. कोरडं होतं. बादली उचलून जागच्या जागी ठेवली आणि 'हो' दाबलं.