अन्झाचा पहिला घास

२ मे
अन्झाच्या झुडपांना या वर्षी दृष्ट लागावी इतकं फळ! सगळं रान वाळून कोळसा झालंय, ही मेली तेवढी हिरवीगार. सासूबाई बघत उभ्या राहिल्या. हसल्या नाहीत. "अन्झा लगडली की पाऊस रुसतो, तस्सल्ला," मला म्हणाल्या.

५ मे
बाजरीला कीड लागू नये म्हणून कणगीत अन्झाचाच पाला पसरतो आम्ही. यंदा पाला आहे, बाजरी नाही. तळाशी बियाणं तेवढं उरलंय, त्याला हात लावायचा नाही. नवरा परमुलखात मजुरीला, त्याचा निरोप नाही.

९ मे
अन्झाच्या बिया फोडून भिजत घातल्या. कडू उतरेपर्यंत रोज पाणी बदलायचं, नाहीतर विषच ते! पण पाणी आणू कुठून? विहिरीला दोर पुरेना. आज बदललंच नाही.
"चालतंय," सासूबाई म्हणाल्या. कधी नव्हे ते!

१२ मे
अन्झा शिजली की पहिला घास घरातल्या थोरल्या बाईचा. ऊन कलेपर्यंत पोरांनी हांडीकडे फिरकायचं नाही. सासूबाईंनी चाखलं — "गोड आहे!" मी त्यांच्यामागे एक दाणा जिभेवर ठेवला. थू! कडूजहर!
बोलले, तर म्हणतात, "तुम्हा पोरींच्या जिभा साखरेने नासल्यात." वाटी संपवली. मग ओकत बसल्या. "उन्हानं गं." हांडी पुन्हा भिजत घातली, उरल्यासुरल्या पाण्यात. माझी हब्सू भुकेने रडून रडून झोपली.

१४ मे
आज मुद्दाम त्यांच्या चहात साखर घातली नाही. "किती गोड केलायस!" म्हणाल्या.
जीभच मेलीय त्यांची! सांगू कशी? पहिल्या घासाचा मान गेला की बाई घरात असून नसल्यासारखी. भीती वाटते.

१५ मे
हांडी पुन्हा शिजवली, आणि घासाआधी सांगितलं. वाटलं, चिडतील. उलट हसल्या — "जीभ मागच्या सुगीलाच गेली, येडे! चव कोण बघतंय? मी खाते. ऊन कललं आणि मी उठून बसले, तर पोरांना वाढ."
मी हात धरला. "सोड. पोरगी उपाशी आहे."
वाटी पुसून खाल्ली, आणि चटईवर आडव्या झाल्या. मला बघवत नव्हतं.

१५ मे, सांज
ऊन कललं. त्या उठल्या नाहीत.
हांडी लांब नेऊन पुरली. विहिरीच्या दोराला त्यांचं पांघरूण बांधून पाणी काढलं, उरलेल्या बियांचं बदललं. या घरातली थोरली बाई आता मी.