स्लॅबवरचा सुभेदार आणि साक्षीची मुलाखत

ता. कराड, रविवार दुपार

प्रिय बिराप्पा,

रामराम आणि जय हिंद. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींना नमस्कार, मेंढरं खुशाल असावीत. फोनच करणार होतो, पण आटपाडीच्या माळावर तुला फक्त 'हॅलो' ऐकू येतं आणि मग तूही तेवढंच म्हणत बसतोस. शिवाय ही बातमी दोनदा वाचावी अशी आहे. आपल्या साक्षीला नोकरी लागली! आणि ती लावली तुझ्या या मित्रानं, सिग्नलच्या सुभेदारानं, निव्वळ वायरलेसच्या जोरावर. (उत्तरं तिनं दिली, हे मान्य.)

झालं असं, की पुण्याच्या कंपनीनं तिची मुलाखत लॅपटॉपवर ठेवली, शुक्रवारी अकराला. आणि नेमका सोमवारपासून लॅपटॉपचा वायफाय लहरीपणा करायला लागला. पडद्यावरच्या माणसानं बोलायला तोंड उघडलं की ते तसंच उघडं राहायचं. पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, कराडात मैत्रिणीकडे जाऊन मुलाखत देते. आता तूच सांग, ज्यानं अठ्ठावीस वर्षं बर्फात आणि वाळवंटात चौक्या जोडून दिल्या, त्याच्या पोरीनं रेंजसाठी दुसऱ्याचं दार वाजवायचं? मी म्हटलं, मुलाखत इथंच होणार. तेव्हा ती हळूच म्हणाली, "अण्णा, लाईन गेली तर ते परत बोलवत न्हाईत." बिराप्पा, मी ताट तसंच सरकवून उठलो.

मग शिस्तीत कामाला लागलो. वायफायच्या डबड्याकडून बिघाड शक्यच नव्हता, कारण आदल्याच रविवारी मी ते भिंतीवरून काढून माझ्या काळ्या, पत्र्याच्या फौजी पेटीत ठेवलं होतं. (उघड्यावर पाली शिरतात, आणि यंत्र कुलपात हवं हे आपण कधी विसरलो?) वायर कडीच्या भोकातून आत घेतली. किल्ली तुझ्या शालूवहिनीकडे, कारण पेटीत तिच्या कुरडयाही असतात. म्हणजे दोष लॅपटॉपचा. तो सात वेळा बंद करून चालू केला. त्याला वायफाय विसरायला लावून पुन्हा ओळख करून दिली. हेल्पलाईनवरच्या बाईनं अदबीनं विचारलं, राउटर मोकळ्या जागी आहे ना? मी म्हटलं, बाई, मी सिग्नलचा सुभेदार आहे. त्यावर तिनं तक्रारीचा नंबर दिला आणि फोन ठेवला.

शेवटी नोंदवही सुरू केली. मंगळवार, सव्वादहा: रेंज पूर्ण. मी स्लॅबवर, साक्षी लॅपटॉपवर, शालू पेटीतून कुरडया काढताना. दहा वीस: रेंज गायब. मी जिन्यात, शालू तळणीला. बुधवार, चार: रेंज पूर्ण. मी पुन्हा स्लॅबवर, शालू पेटीत शाल शोधताना. मी वही तीनदा वाचली आणि अंगावर काटा आला. दोन्ही वेळा मी स्लॅबवर होतो! रेंज येत होती ती माझ्यामुळे.

मग काय, शुक्रवारी पावणेअकराला लॅपटॉपपासून तांब्याची तार खिडकीतून वर घेतली, टोक हातात धरलं आणि आगाशिवच्या डोंगराकडे तोंड करून हात उंच केला. पाऊण तास, गड्या! ऊन असं की डोक्यावर भाकरी भाजावी. पण हात खाली आणला नाही. खालून साक्षीचा आवाज येत होता, एकदाही न तुटता. इंग्रजीतलं काही कळलं नाही, पण मध्येच ती मोकळं हसली, तेवढं कळलं. काल कंपनीचा होकार आला. ती माझ्या पाया पडली आणि मी रडलो. तुझ्यापासून काय लपवायचं?

तुझा,
सयाजी

ता. क. पुढच्या महिन्यात साताऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा आहे. मी 'घरगुती वायरलेस' या विषयावर बोलणार आहे, पेटी आणि तार दोन्ही दाखवून. तू पुढच्या रांगेत बस. मागच्या वर्षीसारखं मी बॅटरी उलटी लावल्याचं पुराण काढू नकोस.

आणखी ता. क. भावजी, मी शालू. ह्ये पाकिटाला डिंक आणाया गेल्यात तवर लिवते. पेटी उघडली की लाईन याची, झाकली की जायाची. बुधवारीच आमा दोघींच्या ध्यानात आलं. पण डबडं भाईर काढा म्हणलं असतं तर ह्यांचा मान गेला असता. म्हणून मुलाखतीला मी झाकण वर धरून पाऊण तास पेटीम्होरं बसले. साक्षीला समदं ठावं हाय, तरी ती आदी ह्यांच्याच पाया पडली. पोरीसाठी उन्हात हात वर करून हुबं राहिलं, ते काय खोटं हाय व्हय? तुमी मेळाव्याला नक्की जावा. टाळ्या लय वाजवा. फकस्त ह्यांनी पेटीचं नाव काढलं, की मोठ्यांदा खोका.