खालाच्या वावरातलं वारं

माय,

मी काय काम करते हे ऐकलं असतंस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. मी वाऱ्याची नोकरी करते. उदगीरकडच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या एका कंपनीसाठी गावोगाव फिरते आणि जमीनमालकांना भाड्याचे करार समजावून सांगते. पहिलं वर्ष नुसतं वारा शिकण्यात गेलं. माळावर उंच खांब रोवतात, त्यावर फिरत्या वाट्या बसवतात, आणि वारा कधी, कुठून, किती येतो ते वर्षभर टिपून घेतात. तुला खांब लागत नव्हता. मूठभर भूस वर उडवायचीस, ते कुठं पडतं ते बघायचीस आणि वर उभं राहून ज्वारी उपणायची तिवई तिथं मांडायचीस.

ते खळं मला अजून दिसतं. तीन दिवस झाडाचं पान हललेलं नाही. आपली ज्वारी मळून पडली आहे, बांधापलीकडे शेजारच्या खालाचीही. खालाला ना नवरा, ना पोरबाळ. दुपार कलते आणि वारं सुटतं. मी घाईघाईनं पाटी भरते, तर तू तिवई खांद्यावर घेऊन बांध ओलांडायला लागलेली. मी पाटी आपटते. ‘‘आपलं वारं तिला कशाला?’’ तू मागं वळतेस. ‘‘वारं काय आपल्या बांधाला बांधलंय व्हय गं? तिला पाट्या भरून द्यायला कोण हाय? चल, हो म्होरं.’’ तिचं उपणून होईस्तोवर वारं पडलं आणि आपली रास तशीच राहिली. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. खालानं दिलेला शेंगदाण्याचा लाडू मात्र सोडला नाही, राग आपल्या जागी आणि लाडू आपल्या जागी.

मागच्या वर्षी आपलाच माळ कामात आला. पवनचक्कीचा पाया दादाच्या, म्हणजे आपल्याच वावरात येणार होता. करार पायाच्या मालकाशी होतो, शेजाऱ्याला काही मिळत नाही. शाळेच्या ओसरीवर बैठक भरली. खाला आता पार वाकली आहे. काठी टेकत उठली आणि मला म्हणाली, ‘‘बेटा, वारं तर माझ्या वावरावरूनच येऊन राहिलं. मंग भाडं एकट्या तुझ्या भावालाच काहून?’’ ओसरीवर हशा पिकला. कंपनीचे साहेबही हसले. ‘‘हाव, मी अडाणी बाई,’’ असं म्हणत ती खाली बसली.

परतताना जीपमध्ये मला तुझी तिवई आठवली, आणि मग जिवाला चैन पडेना. भाड्यातला एक हिस्सा आजूबाजूच्या सगळ्या वावरांना मिळावा, असं कलम मी लिहून दिलं. अशी रीत नाही, असं साहेब म्हणाले. मी चार महिने त्यांच्या मागं लागले. आपला वाटा कमी होणार म्हणून दादा भडकला. ‘‘तू कंपनीची हायस का घरची?’’ मी म्हटलं, ‘‘मायची.’’ दुसऱ्या दिवशी त्यानं संमतीच्या कागदावर सही केली. शेवटी साहेबांनीही मान्य केलं.

करारावर अंगठा उमटवून खालानं तो पदराला पुसला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. ‘‘मायवर गेलीस गं, बेटा.’’ तिच्याकडे न बघता मी कागद आवरायला लागले. लोकांना वाटलं, मी लाजले.

आता चक्की फिरते. तिची सावली सकाळी खालाच्या वावरात असते आणि उन्हं कलली की आपल्यात येते. तू हे बघायला हवी होतीस. फार आठवण येते तुझी. हा कागद तुझ्या जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवून देईन, दुसरीकडे कुठं धाडणार? एक गोष्ट मात्र खालाला सांगायची माझी अजून छाती झालेली नाही, म्हणून तुला सांगते. त्या दिवशी ओसरीवर साहेबांच्या तोंडाकडे बघत सगळ्यांच्या आधी मीच हसले होते.